मधल्या खोलीतली ओल

गोएसान, २६ सप्टेंबर

प्रिय ओक्जू,

मी बरा आहे, आईच्या हातचं जेवतोय, काळजी करू नकोस. पोरींचा खोकला थांबला का?

काँक्रीट सुकावं म्हणून नव्या घराच्या जमिनीखालच्या नळ्यांतून पंधरा दिवस गरम पाणी फिरतंय. सगळीकडचं काँक्रीट सुकून पांढुरकं झालं, मधली खोली मात्र अजून काळपट. बॉयलरवाला म्हणतो, "नळी गळत असणार, जमीन फोडावी लागेल."

मी दिवसभर सामानाच्या मागे फिरत असतो. आज दुपारीच परतलो, तर आईनं त्या खोलीत प्लास्टिक अंथरून लाल मिरच्या वाळत घातलेल्या.

"अगं आई, खालची ओल बाहेर पडणार कशी?"

"एवढी ऊब फुकट जातेय, बाबा. मी रोज संध्याकाळी उचलते की."

नवी जमीन सुकली की ती राहते ते जुनं घर पाडायचं, हे तिला ठाऊक आहे. त्यावर ती कधी चकार शब्द काढत नाही. तिच्यावर चिडू की गप्प बसू, मला काही कळत नाही. तुला काय वाटतं?

मिरच्या हातात घेऊन पाहिल्या, ओक्जू. त्या केव्हाच खडखडीत वाळल्यात.

पोरींना जवळ घे.

तुझा,
ग्युसिक