चहाचा डाग आणि पेन्सिलीची गल्ली

४ तारीख, सोमवार
आलो बाबा एकदाचा! खोली टीचभर, पण खिडकी ऐसपैस. कालव्यापलीकडे धाकटी बहीण राहते. तिने पोटभर जेवायला घातलं आणि वर ऐकवलं, दादा, साठी उलटल्यावर नोकरी धरणारा तूच एक शहाणा! कॉम्प्युटर मी माझा मीच शिकलो, हे मात्र शेजारणींना तीनदा सांगून झालंय तिचं.

६ तारीख, बुधवार
काम सोपं आहे. गावाच्या जुन्या नकाशांची चित्रं नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत करायची. नळदुरुस्तीवाल्यांच्या हातातल्या छोट्या यंत्राला राखाडी रंग कळतच नाही. आपण एक आकडा ठरवायचा. त्याहून गडद ते काळं, फिकट ते पांढरं; अधलंमधलं काही नाही. झालं की मूळ चित्र पुसायचं आणि कागद लगद्याला. इथे ठेवायला जागा नाही, ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या.

८ तारीख, शुक्रवार
आज बहिणीच्या बाजूचा तुकडा आला. तो तरी सुबक व्हायला हवा! पण कुणा भल्या माणसाने त्यावर चहाचा कप टेकवलेला. गोल डाग काही केल्या जाईना. मला बाई कळकट काम खपत नाही, असं आई म्हणायची. मीही तिचाच मुलगा. आकडा इतका खाली आणला की गर्द शाईच तेवढी उरली. डाग गेला. पेन्सिलीच्या काही फिकट रेघाही गेल्या, मागाहून कुणी वाढवलेल्या. मूळ चित्र पुसलं.

१० तारीख, रविवार
दुपारी बहिणीकडे जेवायला निघालो. पूल ओलांडला, बेकरी लागली, आणि बेकरीपुढे तिची गल्लीच नाही. पांढरी, सपाट जागा. माती नाही, गवत नाही. माझी सावलीसुद्धा तिच्यावर पडेना. बेकरीवाला म्हणाला, काका, इथे कधी घरं नव्हतीच. उन्हातून आलात, बसा जरा. तिला फोन लावला, तर असा नंबरच नाही म्हणे.

११ तारीख, सोमवार
त्या पेन्सिलीच्या रेघा म्हणजे तिची गल्ली. मीच पुसली. डागाबरोबर.
मॅडमच्या अक्षरशः पाया पडलो. कागद शनिवारीच लगद्यात गेला. त्या हळूच म्हणाल्या, काका, तुम्हाला बहीण आहे असं कधी बोलला नाहीत. बोललो होतो. रोजच तर बोलत होतो—

१२ तारीख, मंगळवार
आठवून आठवून गल्ली कॉम्प्युटरवर परत काढली. ठिपका ठिपका. सात घरं, तिचं चौथं. की पाचवं? चौथंच. नकाशात काढतात तशीच काढली, भरीव काळे चौकोन.

१३ तारीख, बुधवार
घरं आली. काळी. भरीव. दार नाही, खिडकी नाही.
चौथ्या घराला कान लावला. आतून थापा. दादा, काही दिसत नाही रे, म्हणाली. आणि मग विचारलं, तू जेवलास का.

१४ तारीख, गुरुवार
दार करायचं तर एक ठिपका पांढरा करायला हवा. एक ठिपका म्हणजे चार पावलं जागा. नेमकी तिथेच ती उभी असली तर—
भिंतीला तोंड लावून ओरडलो, दार होतं तिथून लांब जा, ओट्यापाशी उभी राहा, हलू नकोस. बरं दादा, म्हणाली. दम लागलाय तिला. हवा संपत आलीय बहुतेक.

१५ तारीख, शुक्रवार
चौकोन समोर आहे. दार उजवीकडे, ओटा डावीकडे. किती वेळा त्या दारात चपला काढल्या मी—
नाही. ओटा उजवीकडे.
ती दारात उभी राहायची, ते आठवलं की कळेल. पदर खोचलेला, हातात पळी, आणि चेहरा— चेहरा—
मी सांगितलंय तिथेच उभी असेल. हलणार नाही. माझं ऐकते ती.
दार डाव्या बाजूला. करतो ठिपका पांढरा.