निळ्या कपाची दुरुस्ती

सोमवार, ४ नोव्हेंबर
मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. नववीला ‘चित्रकला आणि मानवी हक्क’ शिकवायचं, पुढच्या सोमवारी प्रदर्शन. नीट झालं तर मी नोकरीत कायम. अकरा वर्षं टेम्पररी काढली, आठवड्याचं काय एवढं!
संकल्प: मुलांच्या कागदाला माझा ब्रश लावायचा नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

बुधवार, ६ नोव्हेंबर
भेदभावावर पस्तीस मिनिटं बोललो. चित्रकार दिसतं ते न घाबरता मांडतो, वगैरे. मलाच पटलं. मग विचारलं, भेदभाव कुणी पाहिलाय का? शेवटच्या बाकावरच्या मुखदुर्बळ मुलीनं हात वर केला, तेवढ्यात बेल झाली. बाकी कुणाचा हात नाही. म्हणजे आपल्याकडे तसलं काही नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर, संध्याकाळ
एकतीस चित्रं. तीस पृथ्वीगोल, भोवती हात धरलेली माणसं. विषय पोचला.
शेवटच्या बाकावरच्या मुलीनं मात्र आमची स्टाफरूम काढली. आम्ही टेबलाभोवती, पांढरे कप. सफाईच्या मावशी, म्हणजे तिची आई, दाराशी उभ्या. हातात कान तुटलेला निळा कप. त्यांचा कप खिडकीत वेगळा असतो. का, ते विचारलं नाही. मी लागायच्या आधीपासूनच आहे.
रेखाटन झकास, पण कॉम्पोझिशन पार बोंबललेलं. नजर सारखी त्या निळ्यावर जाते. ती म्हणाली, सर, तिथंच जायला हवी. मी समजावलं, चित्र म्हणजे झेरॉक्स नव्हे. शेवटी ब्रश घेतला. अगदी थोडा. मावशींना खुर्चीत बसवलं, पांढरा कप दिला. दहा मिनिटांत समता! मुलगी नुसती बघत राहिली. भारावली असणार.

सोमवार, ११ नोव्हेंबर
त्याच चित्राला पहिला नंबर. पाहुणे म्हणाले, आदर्श स्टाफरूम. बाई खूश. मुलीनं बक्षीस घेतलं नाही. माइकवर म्हणाली, हे चित्र माझं नाही, सरांचं आहे. मी टाळ्या वाजवल्या. गुरूला श्रेय देणारी मुलं आता कुठं राहिलीत?
मावशी चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. विचारलं, सर, मी इथं कधी बसले? म्हटलं, अहो मावशी, बसा की, हक्कच आहे तुमचा. बोलून गेलो आपलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
सकाळी कायम झाल्याची ऑर्डर मिळाली. सही केली. आनंद व्हायला हवा होता. काही वाटलं नाही.
मधल्या सुट्टीत मावशी आल्या, पांढऱ्या कपात चहा ओतला, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. गणिताच्या बाई उठल्या. मग पीटीचे सर, मग सगळेच. राहिलो आम्ही दोघं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, पेपर तपासायचेत. उठलो.
परीक्षा अजून झालेलीच नाही.