बाबांची तमिळ कॅसेट

अकोला, शुक्रवार संध्याकाळ

आज मन थाऱ्यावर नाही. बँकेतल्या नव्या मॅनेजर मदुराईच्या. डबा खाताना त्यांना मोबाइलवर एक जुनं तमिळ सिनेमाचं गाणं ऐकवलं. बाबांच्या जुन्या कॅसेटवरचं; परवाच सापडलं, सुरुवातीच्या बासरीवरून ओळखलं. त्या जेवायच्या थांबल्या. म्हणाल्या, यात बाप आई गेलेल्या आपल्या लेकराला झोपवतोय.

आणि मी इतकी वर्षं ते नाचगाणं समजत होते!

बाबा संत्र्याचा ट्रक घेऊन मद्रासला जायचे, तिथून ती कॅसेट आणलेली. आई गेली तेव्हा मी आठवीत होते. अमरावतीच्या घरी बाबा रोज संध्याकाळी तेच गाणं लावायचे. सुरुवातीला नुसती बासरी, मग ताल. एक दिवस मी ओरडले, "आई गेली अन् तुमाले गाणे सुचतात?" त्यांनी टेप बंद केला. पुन्हा ती कॅसेट घरात वाजली नाही.

आज घरी आल्याबरोबर त्यांना फोन केला. "बाबा, त्या गाण्याचा अर्थ ठाऊक होता तुमाले?"

"मले कुठं तमिळ येते? थे बासरी आयकली का जरा बरं वाटे."

मी अर्थ सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

मग मी विचारलं, "मंग तवा बंद काऊन केलं? तुमी मले रागवायचं होतं."

"तू रडून राहिली होती ना," बाबा म्हणाले.

रडत होते मी? मला तर फक्त ओरडल्याचं आठवतं.