सूर्यचुलीवरचं वर्षश्राद्ध

त्र्यंबकेश्वर,
फेब्रुवारी २००६

चि. विश्वेश यास ढुंढिराजाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. दिवसातून दोनदा वीज जाते, तेवढी सोडून. तुझी प्रकृती कशी आहे? जर्मनीत थंडी असेल, कानाला मफलर गुंडाळूनच परिषदेत भाषण कर. पृथ्वीचा ताप उतरवायला आमचा मेहुणा विमानाने गेला, हे मी यजमानांना मोठ्या अभिमानाने सांगतो. (सख्ख्या आईच्या वर्षश्राद्धाला पुण्याहून इथवर यायला त्याला सवड झाली नाही, हे सांगत नाही. गेल्या वर्षी त्या 'विश्वेश आला का' विचारत गेल्या, तेव्हाही तू कुठल्याशा पवनचक्कीवर होतास.)

तू पाठवलेली सूर्यचूल पोचली. एका पेटीसाठी अख्खा डिझेलचा टेम्पो आला, पण ते असो. कोळसा-गॅस न जाळता श्राद्धाचा स्वयंपाक करा, आईला आवडेल, ही तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून ती गच्चीत मांडली. तुझी ताई ऊन सरकेल तशी पेटी फिरवत बसली आणि भाताबरोबर स्वतःही शिजली. भात झाला, हे कबूल करतो. वडे मात्र उन्हात तळता येत नाहीत, हे तुमच्या परिषदेत कुणीतरी मांडावं. ते आम्ही खाली गॅसवर गुपचूप तळले.

खरी फजिती पुढेच झाली. कठड्यावर कावळ्यासाठी पान वाढलं. मी जन्मभर लोकांची श्राद्धं केली, गावातले कावळे मला तोंडओळखीने ओळखतात म्हण ना! पण आमच्या पानाकडे एक फिरकेल तर शपथ. सगळे तुझ्या सूर्यचुलीच्या झाकणावर! त्या आरशात प्रत्येकाला परका कावळा दिसत होता, आणि घरचं जेवण सोडून ते त्याच्याशी वाद घालत होते. (शिकलेल्या माणसांचंही असंच होतं.) इकडे जेवायला बोलावलेले ब्राह्मण ताटकळले, शेजारच्या गच्च्यांवर प्रेक्षक जमले. ताई आईला एकेक वचन देऊ लागली. आमच्या आभाचं लग्न वेळेवर करू, तुझी लोणच्याची बरणी कुणाला देणार नाही, तुळशीला पाणी घालत जाऊ. कावळे ढिम्म. शेवटी शेजारच्या सावित्रीबाई त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, "अहो, मुलगाच नाही आला, तर त्या जेवतील कशा?" माझं डोकंच फिरलं. मी आरशावर पंचा टाकला, आणि कावळा पानाला शिवला. म्हणजे सगळा दोष आरशाचा. तुझ्या शास्त्राला कुठेही धक्का लागलेला नाही, तेव्हा निश्चिंत राहा.

तुझा
ढुंढिराज

ता. क. सूर्यचूल घेऊन जा. टेम्पो पाठवू नकोस, स्वतः ये.

आणखी एक. ताईने लिहू नका म्हणून सांगितलं होतं, तरी लिहितो. पंचा टाकल्यावर कावळे नुसते उडाले आणि समोरच्या पत्र्यावर जाऊन बसले. मग ती पानाशी बसली आणि म्हणाली, "आई, विश्वेश नाही यायचा गं. वाट नको बघूस, तू जेव."

तेव्हा कावळा उतरला.