डावीकडे ओढणारी सायकल

३ फेब्रुवारी, सोमवार
सायकल डावीकडे ओढतेय. आज परत फाटकाच्या खांबाला हँडल घासलं. मुठीचं रबर फाटलं, करंगळी सोलवटली. सत्तावीस वर्षांत या खांबाने कधी वाट अडवली नव्हती!

संध्याकाळी ती अंगणात उलटी केली. पुढचं चाक फिरवून रिमजवळ खडू धरला. कुठे टेकला नाही, म्हणजे चाक वाकडं नाही, आऊट नाही. मग चाक धरणारा चिमटा मोजला, दोन्हीकडे सारखा. शाळेच्या प्रयोगशाळेतली व्हर्नियर आणली होती, उद्या गुपचूप परत ठेवायची. ही चहा घेऊन आली. "पेशंट काय म्हणतोय?" म्हटलं, "रिपोर्ट नॉर्मल."

पण ओढतेय. मला कळतं ना!

९ फेब्रुवारी, रविवार
मिस्त्रीकडे नेली. या सायकलला माझ्याखेरीज फक्त त्याचाच हात लागतो. पूर्ण खोलली. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं. मग स्वतः बसून, दोन्ही हात सोडून, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि आला. या वयात!

"मास्तर, सुतासारखी सरळ चालते." मी मास्तर नाही, प्रयोगशाळेत सहायक आहे. पण तो पहिल्या दिवसापासून मास्तरच म्हणतो.
"मग ओढते कशी?"
"ओढत नाही."
"मला ओढते ना!"
त्याने मान हलवली. ब्रेकची चारही रबरं नवी घातली, दांड्या आवळल्या. बहुतेक माझ्या समाधानासाठी.

येताना वाटलं, लोक कशाला सांगतात स्कूटर घ्या म्हणून? अठ्ठावीस इंची, काळी, दांड्यांच्या ब्रेकची. चढावर जीव काढते, मान्य. पण हिच्यावर माणूस ताठ बसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या विसळायच्या, आणि येता-जाता मिळून वीस मिनिटं राजासारखं बसायचं. मला एवढं पुरतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
भयंकर झालं.

शाळेतून येताना कोपऱ्यावर वळलो. तिथे शिवणवाल्या ताईंचं दुकान आहे. त्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन पायरी उतरत होत्या, आणि मी थेट त्यांच्यावर! त्या उजव्या हातावर पडल्या. आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे.

"दिसत नाही का हो?" ताई ओरडल्या. माणसं जमली. आणि माझ्या तोंडून निघालं — "ब्रेक लागला नाही! परवाच मिस्त्रीने केलेत, आणि लागलेच नाहीत!"

मनगटाचं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. बाई एकटी, हातावर पोट. आणि मोडला तो हातच.

ब्रेकमुळे झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चालत गेलो, चालत आलो. सायकलकडे बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
राहवलं नाही. अंगणात खडूने रेघ मारली. फाटकापासून जोरात यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा सायकल रेघेपुढे दोन हातांच्या आत उभी. चाक जागच्या जागी थिजत होतं! असे ब्रेक मी आयुष्यात वापरले नाहीत.

इथे तरी खरं लिहितो. मी ब्रेक दाबलाच नव्हता. बोटं दांडीवर होती, दाबली नाहीत. का दाबावीत? समोर कोणी नव्हतं. आधी रिकामा रस्ता, मग एकदम ताई. मधलं काहीच नाही — जणू फिल्म कापलेली.

मिस्त्रीला जाऊन सांगायला हवं. उद्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सांगितलं नाही.

जेवताना हिने बातमी दिली. ताई आज हात गळ्यात अडकवून मिस्त्रीच्या दुकानात गेल्या होत्या. गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोलल्या. "तुझ्या हातांनी माझा हात घालवला!" तो पाना खाली ठेवून ऐकत उभा राहिला म्हणे.

"हं," म्हटलं मी. एवढंच!

२५ फेब्रुवारी, मंगळवार
शाळेत आज आणखी एक चंचुपात्र फुटलं. या सहामाहीतलं पाचवं. विज्ञानाच्या बाई काच गोळा करायला खाली बसल्या आणि हसत म्हणाल्या, "काका, सगळं तुमच्या डावीकडेच कसं हो फुटतं?"

मी हसलो नाही. झाडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

१ मार्च, शनिवार
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिला सांगितलं नव्हतं.

अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवलं. समोर पांढरा घुमट. त्यात उजेडाचे ठिपके येतात, दिसला की बटण दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग डावा डोळा सुरू झाला. बसलोय, बसलोय — काही नाही. तपासणाऱ्या बाईंना म्हटलं, "तुमचं मशीन बंद पडलंय."

"काका, चालू आहे. ठिपके येताहेत."

आधी सायकल, मग ब्रेक, मग मशीन. आता खापर फोडायला काही उरलं नाही.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ गेलेली, उजव्यालाही सुरुवात. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखू. थेंब रोज, न चुकता. आणि सायकल बंद." चार वाक्यांत आटोपलं! सत्तावीस वर्षं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही ओट्याशी उभी होती. वळली नाही. बराच वेळ नळ चालू होता. मग विचारलं, "थेंब किती वाजता घालायचे?"

६ मार्च, गुरुवार
मिस्त्रीच्या दुकानावरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने शाळेत गेलो. चाळीस मिनिटं.

१० मार्च, सोमवार
परत लांबचा रस्ता. पायाला फोड आलाय. बरं झालं.

१५ मार्च, शनिवार
सांगितलं.

दुकानात तो एकटाच होता, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी उभ्या उभ्या बोलून टाकलं — डोळे, ठिपके, न दाबलेला ब्रेक, चौघांत घेतलेलं त्याचं नाव. वाटलं, शिव्या देईल. हाकलून देईल. शिव्या द्यायलाच हव्या होत्या.

त्याने ओले हात फडक्याला पुसले. एकेक बोट सावकाश पुसलं.

"त्या दिवसापासून ब्रेकचं काम घेत नाही मी, मास्तर. हवा आणि पंक्चर, बस. नट आवळला की वाटतं, आवळला का खरंच? परत बघतो. घरी गेल्यावरही वाटतं. म्हटलं वय झालं, हातातलं कसब गेलं."

ताईंचा हात मोडला तो सगळ्यांना दिसला. याचे दोन्ही हात मी मोडले, आणि ते महिनाभर कोणाला दिसलं नाही.

"मला माफ—" म्हणायला गेलो.
"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "त्यांना सांगा."

निघालो. मागे वळून पाहिलं तर भिंतीला टेकलेली एक सायकल त्याने पुढे ओढली होती, आणि ब्रेकची दांडी बोटांनी चाचपत होता.

१६ मार्च, रविवार
ताईंकडे गेलो. त्या डाव्या हाताने बटण लावायचा प्रयत्न करत होत्या. कापड गुडघ्यांत धरलेलं, दोरा दातांत. मी सांगत होतो तोवर सुई खाली ठेवली नाही.

"दिसत नव्हतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. ते सोडलं मी. पण ब्रेक दाबला नाही, हे कधी कळलं?"
"तिसऱ्या दिवशी."
त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे मी दुकानात जाऊन त्या माणसाला बोलले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."
"हो."
"आता मी कुठल्या तोंडाने जाऊ तिथे?"

म्हटलं, प्लास्टर निघेपर्यंत काय लागेल ते आणून देईन, बटणं लावून देईन, काजं करायला शिकेन. त्यांनी मान वर केली नाही.

"जा तुम्ही," म्हणाल्या.

२२ मार्च, शनिवार
सायकल मागच्या खोलीत नेली. रिम पुसल्या, चेनला तेल दिलं, घंटीचं झाकण उघडून आतली धूळ काढली. कोण चालवणार आता? पण उभ्या सायकललाही गंज चढतो. सीटवर हात ठेवून थोडा वेळ थांबलो. रडूबिडू आलं नाही. आलं असतं तरी चाललं असतं.

ताईंनी निरोप पाठवलाय — चार सदऱ्यांची बटणं लावायची आहेत. जास्तीचा शब्द नाही.

३० मार्च, रविवार
सकाळी ही आणि मी भाजी आणायला चालत गेलो. रस्ता ओलांडताना ही माझ्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे आली. न बोलता, सवयीने. मी थांबलो. ही नेहमी उजवीकडे चालायची. कधी बदललं?

"केव्हापासून माहीत आहे तुला?"
"वर्ष होईल. डावीकडचा चहाचा कप लवंडायला लागलात तेव्हापासून."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले असते तर सायकल सुटली असती तुमची." थोडं चालल्यावर म्हणाली, "वाटलं, अजून थोडे दिवस चालवू देत."

घरी आल्यावर पिशवी ठेवली, पाणीही न पिता परत चपला घातल्या. "ताईंना हे मी सांगणार. तुम्ही यायचं नाही."

आत्ताच गेली. मी दार लावलेलं नाही.