चोवीस अक्षरं, पंचविसावी खूण

।। श्री ।।
अल बर्शा, दुबई
२२ फेब्रुवारी २००९

ती. सत्यभामाआत्यास,
अनूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा मिळालं, जुन्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये पडून होतं. इथे पोस्टमन दारात येत नाही, पत्र कंपनीच्या पेटीत येतं, हे तुझ्यासारख्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंना अजून पचलेलं नाही, ठाऊक आहे मला. आता ती पेटीही नाही, कारण कंपनी नाही. ज्या टॉवरांची माहितीपत्रकं मी रंगवत होते ते अर्धवट उभे आहेत, वरच्या क्रेन हलत नाहीत, आणि आम्हा चित्रकारांना जानेवारीत घरी बसवलं. यापुढे विजयच्या रुवैसच्या कंपनीचा पत्ता घाल. तो आठवडाभर तिकडेच असतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येताना पत्रं घेऊन येईल.

सगळे परत येताहेत, तूही ये, असं तू लिहिलंस. नाही येणार. कुणी हाकलल्यासारखं मला जायचं नाही, आणि आता तर कामही मिळालंय. इराच्या शाळेतल्या मैत्रिणीची आई, कारेन, गेल्या वर्षी डेन्मार्कला परत गेली. तिथे ती मुलांच्या पुस्तकांची संपादक आहे. तिला रून लिपीवर चित्रांचं पुस्तक करायचंय. रून म्हणजे त्या उत्तरेकडच्या लोकांची फार जुनी अक्षरं, एकूण चोवीस. प्रत्येक अक्षराला नाव आहे आणि अर्थ आहे: गुरं, काटा, गारा, गरज, बर्फ, सूर्य, घोडा, वाडवडिलांचं घर. लाकडावर सुरीने कोरायची म्हणून सगळ्या रेघा उभ्या नाहीतर तिरप्या, गोलाई औषधाला नाही. इराने एक नजर टाकून सगळं मॅचस्टिक्सचं आहे असा निकाल दिला, अर्थात इंग्रजीत.

आत्या, या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव येणार आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या इमारती रंगवल्या, त्यांवर माझी सही कुठेच नाही. म्हणून हे मला हवंय, अगदी हट्टाने हवंय.

तुझी माया अशीच नवा पत्ता शोधत येत राहो.

तुझी,
अनू


।। श्री ।।
वेंगुर्ले
१२ मार्च २००९

चि. अनूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पेटीत टाकून मोकळं व्हायचं, ही काय टपालसेवा झाली? असो. तुझी नोकरी गेली हे वाचून वाईट वाटलं, आणि तू येणार नाहीस हे वाचून राग आला. मग पुन्हा वाचलं आणि राग उतरला. माझा भाऊ, म्हणजे तुझे बाबा, असेच अडेलतट्टू होते. जातील कुठे गुण.

वाळवंटात बसून तू बर्फ काढणार, याचं मला फार हसू आलं. तू बर्फ पाहिलायस कुठे? फ्रीजमधला सोडला तर एकच, आपल्या बंदरावरच्या कारखान्यातला. भुशात घातलेल्या त्या लाद्यांना तू जीभ लावली होतीस, ती चिकटली, आणि मी सगळं बंदर गोळा होईपर्यंत ओरडले होते. तोच बर्फ काढ. त्या लोकांना त्यांचा बर्फ ठाऊक आहे, आपला कुठे ठाऊक आहे?

आणि पहिल्या कागदावर स्वस्तिक काढलंस ना? कोऱ्या कागदाला हात लावण्याआधी कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक, मग पेन्सिल. तुझ्या पहिल्या पाटीपासून शिकवलंय. काम परदेशी असलं म्हणून सुरुवात परदेशी करू नकोस.

जावईबापूंना आणि इराला आशीर्वाद. तुझा लोभ कमी झाला तर टपालखात्याला जबाबदार धरीन.

तुझी,
सत्यभामाआत्या


।। श्री ।।
अल बर्शा
१८ एप्रिल २००९

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा बर्फ काढला. लादी, भुसा आणि लादीला जीभ लावणारी एक आगाऊ मुलगी. सूर्य मात्र इथला काढला: भर दुपारी बसस्टॉपच्या खांबाची पट्टीएवढी सावली पडते, तीत एकामागे एक उभी राहिलेली साइटवरची माणसं. कारेनला फार आवडला. आमच्याकडे सूर्याची आर्जवं करतात आणि तुझ्याकडे त्याच्यापासून लपतात, असं तिने कळवलं.

मग मी पहिला कागद स्कॅन करून पाठवला, आणि कोपऱ्यात तुझं स्वस्तिक तसंच राहिलं. मला ते दिसलंच नाही गं. घरातल्या उंबरठ्यासारखं ते, रोज असतं म्हणून दिसत नाही.

तिकडे आग लागली. हिटलरच्या माणसांनी झेंड्यावर लावलेली ती खूण. शिवाय रून अक्षरंही त्यांनी सोडली नाहीत. सूर्याचं अक्षर जोडीने कॉलरवर लावलं, घराचं अक्षरही वापरलं, आणि आजही तसले गुंड ती अंगावर गोंदवून फिरतात. नेमकं त्याच अक्षरांच्या पुस्तकात, कोपऱ्यात ती खूण! मी कोण आहे हे कारेन जाणते. पण प्रकाशनाच्या मंडळाला माझ्या सहीचा कागद हवाय: माझ्या हातून चूक झाली, आणि हे चिन्ह मी पुन्हा कधीही, कुठेही काढणार नाही. सही नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाला देणार.

विजय म्हणतो, एका ओळीचा तर प्रश्न आहे, यल्ला, चल, करून टाक आणि विसर. त्याचंही बरोबर आहे, सध्या काम कुणाला मिळतंय? पण पेन हातात घेतलं की मला तुझी पाटी दिसते. मी चिडले आहे आणि घाबरलेही आहे. मी काय करू, ते सांग.

तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट बघणारी,
अनू


।। श्री ।।
वेंगुर्ले
४ मे २००९

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

ते चिन्ह तुला मी शिकवलं. तेव्हा चूक झाली अशी सही करायचीच असेल तर ती माझी हवी, आणि मी ती करणार नाही.

पण नीट वाच. त्या खुणेखाली ज्यांची माणसं मारली गेली, त्यांना ती बघून काय होत असेल? दुसऱ्याच्या घरी सुतक असताना आपण तिथे तोरण घेऊन जात नाही. त्यांच्या पुस्तकातून ते काढून टाक, त्यात कमीपणा काही नाही. मात्र कुणी आपल्या दारावरचं खरवडून टाका म्हणालं, तर खरवडायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या लोकांनी एका कागदात कोंबल्या आहेत.

आणि कारेनबाईंना एक विचार. ती अक्षरंसुद्धा त्या मारेकऱ्यांनी विटाळली म्हणतेस. मग त्यांची अक्षरं धुऊन पुन्हा पोरांच्या हातात द्यायची, आणि आपली खूण तेवढी कायमची टाकून द्यायची, हा कुठला न्याय? भांडू नकोस, सरळ विचार.

काम गेलं तर गेलं. माझं दार आणि माझा लोभ, दोन्ही उघडे आहेत.

तुझी,
आत्या


।। श्री ।।
अल बर्शा
२० जून २००९

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सरळ विचारलं. लिहिलं, की कोपऱ्यातलं स्वस्तिक पुसते, कारण पुस्तकाचं घर तुमचं आहे आणि तुमच्या माणसांचं दुःख खरं आहे. पण चूक झाली असं लिहून देणार नाही, आणि पुन्हा काढणार नाही असं तर मुळीच नाही. खाली तुझा प्रश्न जसाच्या तसा घातला.

उत्तरच येईना. विजय दर गुरुवारी चपला काढायच्या आत विचारायचा, काही आलं का, आणि मी पोळ्या जरा जास्तच जोरात लाटायचे. शेवटी कारेनचा फोन आला. मंडळावर एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्या वडिलांना हिटलरच्या माणसांनी नेलं, ते परत आलेच नाहीत. त्यांनी माझं पत्र मागून घेऊन वाचलं आणि या बाईकडून सही मागू नका म्हणाले. आत्या, मी फोन ठेवला आणि रडले.

इथे थांबायला हवं होतं, असं विजयचं मत. पण शेवटचं अक्षर उरलं होतं, वाडवडिलांचं घर. मी तुझा उंबरठा काढला. दोन्ही बाजूंना रांगोळी, तुझ्या चपला, टपालखात्याची काळी छत्री. आणि मधोमध, जिथे तू रोज सकाळी स्वस्तिक काढतेस, तिथे स्वच्छ रिकामी जागा ठेवली. खाली एक ओळ लिहिली: इथे एक खूण असते.

मंडळ पुन्हा बिथरलंय. निदान ओळ तरी काढा म्हणतात. मी कळवलं, ओळ आणि जागा राहणार नसेल तर मुखपृष्ठावरून माझं नावही काढा. जे नाव एवढं हवं होतं ते असं पणाला लावलंय. विजयने आधी डोक्याला हात लावला. मग म्हणाला, खलास, ठरलं ते ठरलं, आता मागे फिरू नकोस.

तुझा आशीर्वाद पाठीशी ठेव, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझी,
अनू


।। श्री ।।
वेंगुर्ले
९ जानेवारी २०१०

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. पोस्टमनने दारात येऊन माझ्या हातात दिलं, हे विशेष कळवते. मुखपृष्ठावर तुझं नाव आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, शेजारच्या कावेरीकडून वाचून घेतलं, आणि मग ती चहा करायला आत गेल्यावर एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

बर्फाच्या लादीजवळची मुलगी जरा जास्तच गोरी काढली आहेस. छत्री हुबेहूब. शेवटच्या पानावर रिकामी जागा आहे, आणि खाली तुझी ओळही आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार कळव.

आज सकाळी आंघोळ करून, कुंकवात बोट बुडवून, माझ्या पुस्तकातली जागा मी भरली. कागद चांगला आहे, कुंकू जरासुद्धा पसरलं नाही.

इराच्या पुस्तकातली जागा तशीच ठेव. मे महिन्यात तिला घेऊन ये, ती तिनेच भरायची आहे. कशी भरायची ते मी दाखवीन. तोवर लोभ सांभाळून ठेव, आल्यावर मोजून घेईन.

तुझी,
सत्यभामाआत्या