कठड्याची जाडी

४ फेब्रुवारी
दादाचा फोन. डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेत, दोन-तीन महिने दिसेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणाला, तू ती प्लॅस्टिकची जहाजं करतोस ना, माझं तेवढं करून दे रे, दिसतंय तोवर बघून घेतो. सव्वीस वर्षं त्याने त्या मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. तशा जहाजाच्या सुट्या भागांचं किट घरात आहेच, खऱ्याच्या सातशे पट लहान. मला ही कला कुणी शिकवलेली नाही, म्हणूनच माझ्या कामात चुका नसतात. वीस तारखेला जहाज दादाच्या हातात. लिहून ठेवतो.

७ फेब्रुवारी
किटमधले कठडे अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे खऱ्या जहाजावर पस्तीस सेंटिमीटर. कठडा आहे की हत्तीचा पाय? कचऱ्यात टाकले. केसाएवढ्या बारीक पितळी कठड्यांची ऑर्डर दिली. बायको म्हणाली, अहो, दादांना जहाज बघायचंय, कठडे मोजायचे नाहीत. तिला स्केल कळत नाही.

१९ फेब्रुवारी
कठडे आले नाहीत. उद्याची तारीख चुकणार ती निव्वळ कुरिअरवाल्यांमुळे. दरम्यान रंग. दादाला फोनवर विचारलं, नेमका कुठला राखाडी? म्हणाला, अरे राखाडी म्हणजे राखाडी, गंज दिसला की फासायचो. अशा माणसांकडून माहिती कशी मिळवायची? अकरा छटा तयार केल्या. बायकोला सगळ्या सारख्याच दिसल्या. सहावी नक्की.

२० फेब्रुवारी
सहावी नाही. नववी.

६ मार्च, सकाळी ११
दादा-वहिनी तपासणी करून परस्पर इकडेच आले. मी घाईघाईने जहाजावर खोका पालथा घातला. अर्धवट काम दाखवायचं नाही, हे तत्त्व. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, असेल तसं दाखवा हो. म्हटलं, फक्त आठ दिवस. दादा हसला. म्हणाला, राहू दे गं, साहेबांचं इन्स्पेक्शन बाकी असेल. चहा पिऊन त्याने कप टेबलाच्या कडेपलीकडे ठेवला. फुटला. टेबल अरुंद आहे. सुताराला बोलवायला हवं.

२२ मार्च
पितळी कठडे आले, बसवायला घेतले. शिंक आली, डावीकडचा कठडा उडाला. दिवसभर रांगत शोधला. माझ्याच मोज्याला चिकटलेला निघाला. संध्याकाळी वहिनींचा फोन, डावा डोळा गेला. उजवा आहे. बारीक काम बघताना आपण एक डोळा मिटतोच.

१० एप्रिल
फक्त मागच्या बाजूला नाव लिहायचं राहिलंय. तिसऱ्यांदा पुसलं. शेवटचं अक्षर किंचित फुगतं. बायको आज दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरंच झालं, हात स्थिर राहिला.

१८ एप्रिल
झालं. भिंग घेऊन बसलं तरी एक चूक सापडणार नाही. टॅक्सीत खोका मांडीवर, ड्रायव्हरला वीसच्या वर जाऊ दिलं नाही. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. जहाज समोर धरलं, म्हटलं, बघ. दादाने हात पुढे केला, तो जहाजाच्या बाजूला, हवेत. मी ओरडलो, हात नको, कठडे मोडतील!

मग कळलं.

जहाज त्याच्या हातात दिलं. त्याने सावकाश चाचपलं. चिमणी ओळखली, क्रेन ओळखली. मग म्हणाला, अरे, डावीकडचा कठडा कुठाय? ड्यूटी संपली की त्यालाच टेकून उभा राहायचो मी.

कठडा त्याच्या अंगठ्याखाली आडवा झाला होता.

मी म्हटलं, बसवायचा राहिलाय, घरी नेऊन बसवून आणतो.

१९ एप्रिल
बायकोने गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून किटचे जाडे कठडे काढून समोर ठेवले. तेव्हा कचऱ्यातून तिनेच उचलले होते. बसवले. रंग दिला नाही, ओला राहिला तर दादाच्या हाताला लागेल. एकूण वेळ चाळीस मिनिटं.